आतोबांचं आरमार

माझ्या आतोबांइतका घाबरट माणूस बराकपूरपासून बालीगंजपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि या माणसाने आयुष्यभर जमवलं काय, तर अंतराळयानं! बोटभर लांबीची, खेळण्यातली. कॉलेजात असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेल्या जुन्या परदेशी विज्ञानमालिकांमधली. कुणाचं तोंड थाळीसारखं, कुणाच्या पाठीवर दोन नळकांडी, कुणी नुसताच चेपलेला डबा. एस्प्लनेडच्या फुटपाथवर मोडक्या खेळण्यांच्या ढिगात हात घालून त्यांनी ती एकेक करून वेचून आणली. स्वतः मात्र मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना आत्याचा दंड घट्ट धरतात.

बालीगंजच्या फ्लॅटमधली मधली खोली या आरमाराची. तिथे मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी पंखा एकच्या पुढे जात नाही, कारण वाऱ्याने एखादं यान कलंडलं तर? दमट हवेची भीती, मुंग्यांची भीती, कामवाल्या मावशीच्या फडक्याची तर फारच. पाहुण्याने रसगुल्ला खाल्ला असेल तर त्याने साबणाने हात धुवायचे, आतोबांना हुंगायला द्यायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. दुर्गापूजेत खालच्या मांडवात ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, घुमायला लागला की फळ्या थरथरतात, म्हणून सगळी यानं पलंगाच्या गादीवर उतरतात आणि आतोबा-आत्या सतरंजीवर झोपतात. आत्या म्हणते, "माझ्या पाठीचं काय व्हायचं ते होवो, ह्यांच्या विमानांना उसण भरता कामा नये." विमान म्हटलेलं आतोबांना मुळीच खपत नाही.

पुण्याहून बदली होऊन मी इथे बंगालात आलो तेव्हापासून आतोबांची चेष्टा करणं हा माझा रविवारचा उद्योग. कुठल्या यानाचं पीयूसी संपलंय, मंगळावर पार्किंग मिळतं का, असं काहीबाही मी विचारायचो. ते चिडायचे, मला खोलीबाहेर काढायचे आणि पुढच्या रविवारी सकाळपासून खिडकीत माझी वाट बघत उभे राहायचे.

यंदा भाद्रपदातल्या उकाड्यात आत्याचा फोन आला. आतोबांच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं आणि आतोबा नाही म्हणून हटून बसले होते. मी धावत गेलो. आतोबा मधल्या खोलीत बसले होते आणि डोक्यावर पंखा पाचावर गरगरत होता. दोन यानं फळीवर आडवी झाली होती, एक जमिनीवर पडलं होतं, आणि त्यांचं लक्षच नव्हतं. मी पंखा कमी केला, यानं उभी केली.

कसंबसं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बंगाली, मृदू बोलणारे. झडप किती खराब आहे, धोका किती आहे, सगळं त्यांनी नीट सांगितलं आणि शेवटी आतोबांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आमरा चेष्टा कोरबो."

माझं डोकंच फिरलं. इथे माणूस भीतीने अर्धा झालाय आणि हे चेष्टा करणार म्हणतात! मी खुर्ची मागे सारून उठलो आणि हिंदीत वाटेल ते बोललो. डॉक्टर बिचारे चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. आत्याने मला शर्टाला धरून खाली ओढलं.

आणि आतोबा हसायला लागले. इतके, की डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं. "अरे वेड्या," ते डोळे पुसत म्हणाले, "यांच्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. ते प्रयत्न करणार आहेत." मग डॉक्टरांकडे वळून ते बंगालीत म्हणाले, ठीक आहे, करा.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून नेताना मी दारापर्यंत बरोबर चाललो. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. ओठ हलले. यानांबद्दल काही सांगतील म्हणून मी खाली वाकलो.

"फार भीती वाटतेय रे," आतोबा म्हणाले. "माझी काहीतरी चेष्टा कर ना. आपली. मराठीतली."

इतके रविवार जीभ चुरूचुरू चालवणारा मी. मला एक शब्द सुचला नाही. दार बंद झालं.

आतोबा घरी आलेत, बरे आहेत. यानांवरची धूळ आता मी ब्रशने झटकतो आणि ते खुर्चीत बसून माझ्या बोटांकडे भेदरून पाहतात. मधूनच विचारतात, "काय रे, आज काही बोलत नाहीस?"

सुचतं हल्ली पुष्कळ. पण तोंडाशी आलं की त्यांचा तो गार हात आठवतो, आणि मी नुसताच ब्रश फिरवत राहतो.