देवघरासमोरचं कासव

५ मार्च २००५, शनिवार. निशिकांत साठ्येने सिंगापुरात टॅम्पिनीसजवळच्या प्राण्यांच्या एका दवाखान्यात चौसष्ट डॉलर ऐंशी सेंट भरले. पेशंट होतं तळहातावर मावणारं, लाल कानाचं कासव. मी सोबत होतो, कारण प्लास्टिकच्या डब्यात कासव घेऊन एकट्याने बसमध्ये बसायची त्याला लाज वाटत होती.

निशिकांत आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर भाड्याने राहायचा. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात त्याची नोकरी. युरोपातले व्यवहार मिटेपर्यंत बसावं लागे, त्यामुळे झोप कधीच पुरी नसायची. बोलता बोलता त्याचे डोळे मिटायचे. त्याची बायको विनीता आठ वर्षांच्या जाईला घेऊन डिसेंबरात पुण्याला गेली होती. विनीताच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. जाईला खरं तर शॅमेलिऑन पाळायचा होता, रंग बदलणारा. इथे असले सरडे पाळायला बंदी आहे, हे कासव तेवढं चालतं, म्हणून तिची समजूत काढून कासव आणलेलं. ते पुण्याला नेता येईना, म्हणून बापाकडे राहिलं.

दर रविवारी निशिकांत कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावी. जाई विचारायची, "बाबा, कासव कसं आहे?" ते काय करतं, वाढलं का, एवढं झालं की फोन आईच्या हातात. फेब्रुवारी संपता संपता कासवाने खाणं टाकलं. पाठीची कड दाबली तर ती आत जाऊ लागली. तेव्हा निशिकांत माझ्याकडे आला.

"प्रबोधराव, हे गेलं तर मी तिच्याशी काय बोलू?"

"अरे, शाळेचं विचार, अभ्यासाचं विचार."

"विचारतो. 'फाइन' म्हणते. संपलं."

मी दवाखान्याचा पत्ता काढून दिला.

डॉक्टर ओंग नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी कासवाचं वजन केलं, डोळे पाहिले, कवचाची कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि खायला काय देता म्हणून विचारलं. ऑडिटरला उत्तरं द्यावीत तसा निशिकांत सांगत गेला: पालक, काकडी, दुधात कुस्करलेली पोळी, गुरुवारी थोडा प्रसाद.

"मासे? कोळंबी?"

"आम्ही शाकाहारी आहोत."

"तुम्ही आहात," बाई म्हणाल्या. "ह्याला विचारलंत का?"

मग टाकी कुठे ठेवता, हा प्रश्न आला. टाकी देवघरासमोर होती. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच, म्हणून विनीताने ती मुद्दाम तिथे ठेवलेली. ती जागा स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, भर दुपारीही दिवा लावावा लागे अशी. विनीता गेल्यावर निशिकांतने ती हलवली नव्हती. देवासमोर आहे म्हणजे सुखरूप आहे, असंच त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. त्याने हे सगळं बाईंना इंग्रजीत समजावून सांगितलं.

"देवळातलं कासव कशाचं असतं?"

"दगडाचं."

"मग बरोबर. दगडाला ऊन लागत नाही. ह्याला लागतं, ला." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची ही इथली रीत.

कवच मऊ पडलं होतं ते कॅल्शियमवाचून आणि उन्हावाचून. बाईंनी सावकाश समजावलं. पालक पूर्ण बंद, त्याने असलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. पोळी आणि दूधही बंद. लहान वयात मासे आणि कोळंबी हवीच, पाला त्यासोबत थोडा. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवायचा. सकाळचं कोवळं ऊन थेट द्यायचं, काचेतून आलेलं उपयोगी नाही. पण अर्धी टाकी सावलीत हवी, नाहीतर शिजून मरेल. चढून बसायला कोरडा दगड. पाणी वरचेवर बदलायचं, हात लावला की साबणाने धुवायचे, आणि मे महिन्यात पुन्हा दाखवायचं.

"वाचेल?" निशिकांतने विचारलं.

"खाल्लं तर."

परतताना बसमध्ये तो एकदाच बोलला. "मासे ठेवू कुठे? घरच्या फ्रीजमध्ये देवाचं दूध असतं."

आमचं घर वेंगुर्ल्याकडचं, आमच्या फ्रीजला असला प्रश्न नव्हता. माझ्या बायकोने, शैलाने, मासळीचे बारीक तुकडे करून पुड्या बांधून दिल्या, पण ऐकवल्याशिवाय नाही. "भावजी, गेल्या दिवाळीला आमच्याकडे नुसता चहा घेतलात, भांड्यांना वास असेल म्हणून. आता?"

"आता काय वहिनी, दारात उभा आहे."

"आत या. चहा देते. त्याच भांड्यातला."

तो आत आला आणि चहा प्यायला.

पहिले काही दिवस कासवाने मासळीला तोंड लावलं नाही. निशिकांत नाकाला रुमाल लावून तुकडा पाण्यात सोडी आणि पाठ फिरवून उभा राही. सकाळी कॉरिडॉरमध्ये उन्हाच्या पट्ट्यात टब ठेवून शेजारी स्टुलावर बसे आणि बसल्या बसल्या झोपून जाई. समोरच्या मलाय बाई येता जाता टब सावलीकडे सरकवत. एकदा त्याच म्हणाल्या, "अंकल, उठा. तुमचं पोरगं जेवतंय." कासव तुकडा पायांनी फाडून खात होतं.

त्या रविवारी त्याने जाईला हे सांगितलं.

"बाबा, तू? मासा हातात धरलास?" ती ओरडलीच. "आई, बाबा मासे धरतोय!"

मागून विनीताचा आवाज आला, "कासवाचं निमित्त आहे. स्वतःच सुरू करेल बघ."

टाकी देवघरासमोरून हलली तेव्हा ते विनीताला सांगायचा धीर त्याला झाला नाही. मग एप्रिलमध्ये शैला लग्नासाठी गावी गेली, तेव्हा पुड्या त्याच्याच फ्रीजमध्ये गेल्या, डब्यात डबा घालून, सगळ्यात खाली. दूध वरच्या कप्प्यात.

मे महिन्यात जाई यायची होती. आजीचं दुखणं वाढलं आणि ते येणं रद्द झालं. दुसऱ्या तपासणीला आम्ही दोघेच गेलो. बाईंनी कड दाबली, कवच टणक लागलं. आता सहा महिन्यांनी आणा, म्हणाल्या. निशिकांतने डब्याचं झाकण लावलं. इतका दमला होता की आनंद व्हायलाही वेळ लागला.

रविवारी तो खाली आमच्याकडे आला. फोनवर कवचाचं ऐकून जाईने विचारलं होतं, कासवाला एवढं सगळं देतोस, तू रोज काय खातोस? त्याने खिचडी सांगितली. रोज? हो, बहुतेक रोज. मग ऊन कधी लागतं तुला? मग तिने आपल्या डब्याचं सांगितलं, शाळेतल्या एका मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं सांगितलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग कार्ड संपलं, प्रबोधराव. विनीताशी बोलायचं राहिलंच." तो आमच्या सोफ्यावर बसला आणि शैलाने चहा आणेपर्यंत झोपी गेला.

पुढच्या वर्षी तो पुण्याला परत गेला. कासव आमच्याकडे आहे, आता जेवणाच्या ताटलीएवढं. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी तो पाकीट ऑफिसात विसरला होता, म्हणून बावीस डॉलर मी भरले. ते अजून यायचे आहेत.