खेकड्याची वाट

आमच्या रत्नागिरीत रसिकांना तोटा नाही. नाटक मंडळी आली की पुढच्या खुर्च्या त्यांच्या, गाण्याला माना डोलावणार ते, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पडवीत बसून कोण बेसूर गायलं हे ठरवणारही तेच. या रसिकांनी माझ्या भावासाठी शोकसभा घेतली. तिची हकीकत त्यांच्यापैकी कोणी लिहिण्याआधी मीच लिहून ठेवते.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. मुंबईला चित्रकला शिकला, काही वर्षं नाटकांचे पडदे रंगवले आणि मग एका लहानशा चित्रपट कंपनीत लागला. तिथं हलत्या चित्रांचा, म्हणजे कार्टूनचा, एक छोटा बोलपट चालला होता. एक खेकडा स्वतःच्या लग्नाला निघतो, पण तिरका चालत असल्यामुळे मांडव त्याला सापडता सापडत नाही, एवढीच गोष्ट. खेकडा दुसरे लोक काढत, पारदर्शक सेल्युलॉइडवर. कॅमेऱ्याखाली तो जागच्या जागीच पाय हलवी, आणि त्याच्या खालून भावाने रंगवलेला लांबच लांब कागद थोडा थोडा सरकवत नेत. पाहणाऱ्याला वाटे, खेकडा चालला आहे.

तो कागद त्याने एका उन्हाळ्यात घरी आणून माजघरात पसरला. उंचीला जेमतेम दीड हात, लांबीला मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चित्रपट काळापांढरा, म्हणून रंगही काळा आणि पांढरा एवढेच. ते कमीजास्त कालवून त्याने करवंट्यांतून राखाडीच्या छटा मांडल्या होत्या. आई म्हणाली, "रंग म्हणून राख कालवायला का मुंबईला गेला होतास?" त्याने वरच्या कडेला माड आणि लांबची खाडी काढली, खालच्या कडेला चिऱ्यांचा गडगा आणि वाळकं गवत. दोन्हींच्या मधून कातळावरची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. ती फिकी, जवळजवळ कोरी होती. एकदा त्याने वाटेत एक धोंडा काढला. मला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी पाहते तो पुसलेला.

मी विचारलं, तर म्हणाला, "अगो, खेकडा जाणार कुठून? धोंड्यात पाय अडकले तर लोक धोंडाच बघत बसतील."

तो काही विनयशील माणूस नव्हता. खेकडा कोणीही काढील, त्याला जागा ठेवणं हे खरं काम, असं तो खेकडा काढणाऱ्यांच्या तोंडावर सांगे. त्यामुळे कंपनीत त्याचं फारसं कोणाशी पटलं नाही.

बोलपट आमच्या गावातल्या पत्र्याच्या थिएटरात लागला तेव्हा सगळे रसिक आले आणि पोट धरून हसले. बाहेर पडताना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, ते एक वकील आहेत, भावाला म्हणाले, "खेकडा फक्कड काढलायस हो."

"खेकडा माझा नाही. मी वाट केली."

वकिलांनी सभोवार पाहिलं. "म्हणजे पडदा ओढणाराही सांगतो ना, मी नाटकात आहे म्हणून, तसंच हे." सगळे हसले.

"पुढच्या वेळी तुम्हालाच घालतो, वकीलसाहेब," भाऊ म्हणाला. "फक्त वाट बरीच रुंद ठेवावी लागेल."

वकील हे विसरले नसावेत.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ विषमज्वराने गेला. कंपनी त्याआधीच बुडाली होती आणि बोलपटाच्या फिती कुठे गेल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातचं राहिलं होतं ते एवढंच, माळ्यावर गुंडाळून ठेवलेला तो कागद. शोकसभेत व्यासपीठामागे लावायला वकिलांनी तोच मागितला. आई म्हणाली, दे. मी दिला, पण आमचं गाव मला ठाऊक असल्यामुळे बजावूनही सांगितलं की तो पुरा झालेला आहे, त्याला कोणी हात लावू नये. वकील म्हणाले, "छे, छे, बाई."

सभेला मी बायकांच्या बाजूला बसले. समोर कागद ताणून बांधलेला होता. बरोबर मधोमध, वाटेवर, तैलरंगात रंगवलेला माझा भाऊ कंबरेपर्यंत कातळातून वर आला होता. गाल गुलाबी, अंगात निळा कोट आणि लाल टाय. असला कोट त्याने जन्मात घातला नव्हता. मागचे माडही हिरवे केलेले होते. वकील भाषणात सांगत होते की दिवंगताचं काम दुर्दैवाने मध्येच राहिलं होतं, ऐन मधली जागा रिकामीच होती, ती गावाने पुरी केली. यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढंही इतक्या वर्षांच्या रसिकतेने त्यांना शिकवलं नव्हतं.

मी उठले आणि एका टोकाची सुतळी सोडू लागले. पाट्या रंगवणारा पेंटर धावत आला. "सांभाळून, बाई. रंग ओला आहे अजून."

"बाई, भाषण चालू आहे," वकील म्हणाले.

"चालू द्या," मी म्हटलं. दुसरं टोक सोडून सगळा कागद गुंडाळला आणि घरी आणला.

घरी उलगडला तेव्हा तो चेहरा कागदाच्या पाठीवरही उमटला होता. आईने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?"

तेवढ्यावर मी कात्री घेतली. रंग वाळू दिला, गुलाबी गालांचा चौकोन वरपासून खालपर्यंत कापून काढला आणि वाचनालयाला पाठवून दिला. राहिलेले दोन तुकडे आमच्या माजघरात लावले आहेत. वाट एका तुकड्याच्या कडेशी येऊन थांबते, मध्ये कोरी भिंत, आणि दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा सुरू होते.

वाचनालयाला फारच आनंद झाला. त्यांनी चौकोनाला सोनेरी चौकट करून तो भिंतीवर लावला, आणि पाहुणे आले की वकील तो दाखवतात. कोटाच्या खाली बोटभर रुंदीची एक राखाडी पट्टी राहिली आहे. त्या तसबिरीत माझ्या भावाचं म्हणावं असं तेवढंच. चौकटवाल्याला ती झाकता आली असती, पण तिथं काही आहे हे त्याच्याही लक्षात आलं नाही.