मुरी हाय तवर

लोक पोपट पाळतात, कुत्री पाळतात. कृष्णाकाठच्या जोतीरामानं पाळला तो मासा, आणि तोही असला, की पाळलाय हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं लागावं. मुरी म्हणजे बोटाएवढा, वाळूच्याच रंगाचा, तोंडाला बारीक मिशा असलेला नदीतला मासा. दिवसभर तळाशी घुसून बसणार. वाळूत मुरते म्हणून मुरी, असं जोतीरामच छातीठोकपणे सांगायचा.

माधवनगरच्या गिरणीत कामाला असताना भंगारात पडलेली बॅटरीची जाड काचेची पेटी त्यानं डोक्यावरून घरी आणली. आतलं तेजाब जावं म्हणून राखेनं घासली, बरेच दिवस नदीत बुडवून ठेवली. मग वाळू चाळायला बसला. चाळलेली वाळू पुन्हा तळहातावर चोळायचा, एखादा खडा टोचला की परत चाळणीत. त्याची नवी बायको बनुबाई चुलीपाशी बसून हे बघत होती.

"आवं, माशाला कशाला येवढी मऊ गादी?" तिनं विचारलं.

"त्येंच्या मिशा लय नाजूक असत्यात," तो म्हणाला. "वाळू टोचली की झडत्यात. मग अंधारात खायाचं कुठं हाय तेच कळत न्हाई बिचाऱ्यांस्नी."

त्याची आई अंबूबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पण दिवेलागणीला ती पण पेटी ठेवलेल्या कोपऱ्याकडं बघायची. तेवढ्या वेळी एखादी मुरी सरसर वर यायची, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यायची आणि खाली जायची. पक् असा आवाज व्हायचा. गिरणीतून आलेला जोतीराम त्याच कोपऱ्यात उभ्यानं तांब्याभर पाणी प्यायचा, तेव्हा त्याच्याही घशाचा असाच आवाज व्हायचा. आई हसायची.

मग लढाई लागली आणि तो पलटणीत भरती झाला. निघताना बनुबाईला त्यानं दोनच गोष्टी बजावल्या. पाणी नदीचंच घालायचं. आणि वाळू कधी ढवळायची नाही.

"दिसली न्हाई म्हंजी न्हाई, असं समजू नगंस," तो म्हणाला. "असती ती खाली."

सिंगापूर पडलं त्या साली तार आली. गावातल्या मास्तरांनी ती वाचली आणि मान खाली घालून म्हणाले, "जोतीराम बेपत्ता आहे." बनुबाई रडायला लागली. अंबूबाई मात्र उसळून उभी राहिली.

"मग रडताय कशाला? पत्ता न्हाई येवढंच ना? पोरगं जागा बदलत असंल. लढाईत कुणाला घराचा नंबर असतो व्हय?"

मास्तर समजावायला गेले, पण म्हातारीच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी तारेची घडी घातली. त्याच संध्याकाळी कोपऱ्यात पक् आवाज झाला. अंबूबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. "ऐकलंस? मुरी हाय तवर त्यो हाय. आन त्यो हाय तवर तुझं कुंकू हाय."

तेव्हापासून त्या घरात रोज दिवेलागणीला एकच प्रश्न आणि एकच उत्तर.

"दिसली का गं?"

"व्हय आत्याबाई. आत्ताच मिशी हालली."

बनुबाईचं खरं दुखणं तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तारेनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, सासू रानात गेलेली असताना, एक मुरी पांढरं पोट वर करून तरंगताना तिला दिसली होती. तिनं ती दोडक्याच्या वेलाखाली पुरली, धुणं घेऊन नदीवर गेली आणि ओल्या पदरात दुसरी धरून आणली. काचेच्या पेटीत सोडली तशी ती क्षणात वाळूत नाहीशी झाली. पुढं कधी एखादी मेलेली दिसायची, कधी बरेच दिवस काहीच दिसायचं नाही. मग भीतीपोटी ती आणखी एक आणायची. म्हातारीचा जीव त्या काचेत अडकलाय, तो आपल्या हातनं जाऊ नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

पण सकाळी कुंकू लावताना बोट कपाळापाशीच थांबायचं. हे कुंकू नवऱ्याचं, की आपणच धरून आणलेल्या माशाचं? तिला वाटायचं, वाळूखालून कुणीतरी आपल्याकडं बघतंय आणि त्याला सगळं माहीत आहे. संध्याकाळचा तो पक् आवाज झाला की नवराच पाणी पितोय असं वाटायचं. कोपऱ्याकडं पाठ करायची तिची छाती व्हायची नाही. तिचा भाऊ म्हसवडहून दोनदा न्यायला आला. "किती दिवस अशी बसणार हाईस?" म्हणाला. ती गेली नाही. ती गेली तर मुऱ्या कोण आणणार?

अंबूबाईचे गुडघे धरलेले होते. तरी अधूनमधून ती हट्टानं एकटीच नदीवर जायची आणि पदर ओला करून यायची. "पाय घसरला," म्हणायची.

लढाई संपली. कैदेतली माणसं परतू लागली. एका सकाळी हडकलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. "मी नानासो. शिरवळचा. जोतीरामच्या पलटणीतला."

अंबूबाई लगबगीनं पुढं झाली. "ये लेकरा, आत ये. बनू, पाणी आण."

बनुबाईनं तांब्या पुढं केला. नानासोनं हात पुढं केला नाही. त्या मुलखात मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस उंबरा ओलांडत नाही आणि त्या घरचं पाणी घेत नाही.

"उन्हातनं आलाईस. घोटभर घे," अंबूबाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "घे की रं!"

नानासो उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बनुबाईच्या हातातला तांब्या गळून पडला.

दिवस घातल्यावर अंबूबाई म्हणाली, "ती काच नदीवर न्यायची. त्याची जित्राबं त्याच्या पाण्यात सोडू." दोघींनी पेटी उचलून उथळ पाण्यात नेली आणि पालथी केली. जोतीराम पलटणीत गेल्यापासून ती वाळू पहिल्यांदाच ढवळली गेली.

आणि वाळूतून मुऱ्या निघाल्या. एक नाही, दोन नाही. एकमेकींवर वळवळत, पायांवर आदळत त्या निघतच राहिल्या. बनुबाईनं आणल्या त्याहून कितीतरी जास्त.

दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. बनुबाईनं सासूच्या ओल्या पदराकडं बघितलं.

"आत्याबाई... तुमी बी?"

"पैल्याच उन्हाळ्यात येक मेलेली दिसली व्हती," म्हातारी पाण्याकडं बघत म्हणाली. "तवाच माझं काळीज म्हणालं, पोरगं गेलं. पर तुझं कपाळ पुसायचं माझ्यानं हुईना गं."

बनुबाईनं तिला मिठी मारली. इतक्या वर्षांचं रडू दोघींनी त्या पाण्यात मोकळं केलं. मुऱ्या केव्हाच वाळूत शिरल्या होत्या.

त्या दिवशी बनुबाईनं दिवा लावला. सवयीनं दोघीही रिकाम्या कोपऱ्याकडं वळल्या. काहीच आवाज झाला नाही.

"दिसली का गं?" अंबूबाईनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई," बनुबाई म्हणाली.