चारशे बारा आकडे

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात त्यांना सगळे आकडेमावशी म्हणत. तिथल्या क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम एका विक्षिप्त इंजिनीअरने स्वतः रचलेल्या भाषेत लिहिला होता, आणि त्या भाषेत शब्दच नव्हते. अख्खा प्रोग्राम म्हणजे एकच संख्या, चारशे बारा आकड्यांची. गडी निवृत्त होऊन मोकळा झाला. यंत्र बंद पडलं की ती संख्या पुन्हा दाबायचं काम मावशींच्या गळ्यात पडलं, ते एकोणीस वर्षं.

त्या भाषेत चूक नावाचा प्रकारच नव्हता. काहीही दाबा, यंत्र त्याचा काहीतरी अर्थ लावणार आणि हिरवा दिवा पेटवून कामाला लागणार. असल्या आज्ञाधारक यंत्रापेक्षा भांडखोर माणूस परवडला.

वर्षभरापासून मावशींना कागदावरचं नीट दिसत नव्हतं. खुर्ची जाईल या धास्तीने त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. कागद समोर धरायचा आणि पाठ असलेले आकडे घडाघडा दाबायचे.

आज यंत्र बंद पडलं, तेव्हा इंजिनीअरबाईंनी नवा कागद दिला. "मावशी, लाल खूण केलेला आकडा बदललाय हं. नव्या पाइपला जुना डोस जास्त होतो."

लाल खुणेशी मावशींनी डोळे ताणले. आठ असावा, किंवा तीन. त्यांनी आठ दाबला. हिरवा दिवा लागला.

"नीट बघून दाबलंत ना?"

"हो तर!"

"मग दहा मिनिटांत गावाचा व्हॉल्व्ह उघडते."

पहिल्याच नळावर मावशींच्या लेकीचं घर, घरात सात महिन्यांची नात. बोललं तर नोकरी गेली.

"बाई, थांबा! मला दिसत नाही हो. अंदाजाने आठ दाबला."

बाईंनी कागद ओढून घेतला. "तीन आहे तो. उठा!"

मावशी उठल्या. बाई खुर्चीत बसून एकेक आकडा स्वतः दाबू लागल्या.

"कधीपासून दिसत नाही?"

"वर्ष झालं."

बाईंचं बोट थांबलं. "म्हणजे मागच्या महिन्यात यंत्र बंद पडलं तेव्हाही? तेव्हा काय दाबलंत?"

"पाठ होतं ते."

"सगळं बरोबर होतं?"

मागच्या महिन्यात दाबलेली संख्या आज यंत्र बंद पडताच पुसली गेली होती, आणि महिनाभर सगळं गाव ते पाणी प्यायलं होतं.