सुषमाची पकड

आज स्टुडिओत एक धावपटू मुलगी आली आणि तिच्या गुडघ्याला लावलेल्या मलमाच्या उग्र वासाने मला एकदम सुषमा आठवली. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत आलेली ती पहिली खेळाडू. विश्रांतवाडीची, कबड्डी खेळणारी, तिच्याही गुडघ्याला असंच मलम. राज्याच्या संघात निवड झाली म्हणून वस्तीत तिचा मोठा फलक लागणार होता, त्यासाठी फोटो हवा होता, म्हणून ती आईला घेऊन आली होती.

मी जय्यत तयारी केली होती. मागे काळा पडदा, एका बाजूने दिवा, घाम दिसावा म्हणून ग्लिसरीन मिसळलेलं पाणी. सुषमा मात्र पासपोर्टच्या फोटोला उभी राहावी तशी ताठ. मी पाणी फवारलं, तर म्हणाली, "अहो दादा, मी काय तुळस आहे का?"

तासभर काहीच जमेना. शेवटी तिनेच स्टूल बाजूला सरकवलं. "तुम्ही चढाई करा, मी पकडते."

कॅमेरा तिपाईवर होता. त्याच्या बटणाची वायर मी तिच्या आईच्या हातात दिली आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत पुढे सरकलो. सुषमाचे डोळे बारीक झाले. पुढच्याच क्षणी माझा घोटा तिच्या मुठीत होता आणि मी सतरंजीवर आडवा.

फोटोत तिचा चेहरा नुसता पेटलेला होता. कोपऱ्यात आलेल्या माझ्या पायाची तेव्हा मला फार लाज वाटली. आज वाटतं, त्या फोटोत मीही आहे, हे किती छान!

सुषमाच्या आई मात्र तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "ही माझी पोर. मघाशी कोण उभी होती, देव जाणे."