कंसातली कटकट

ऑफिसात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. काम काय, तर संगणकाचे ऑनलाइन धडे तपासायचे. धडे लिहायचा तिचा नवरा. दोघं एकाच टेबलाला, समोरासमोर, आणि दिवसभर नुसती जुंपलेली!

भांडण खोलीवरून. प्रोग्राम शिकताना आधी संगणकात एक वेगळी खोली करायची असते, म्हणजे एका कामाचं सामान दुसऱ्यात मिसळत नाही. तिला नाव द्यायचं, आत शिरायचं. आत असेपर्यंत ते नाव प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात दिसतं. हा पठ्ठ्या दर धड्यात नवं नाव ठेवायचा. बायकोला चिडवायचं असलं की चक्क 'कटकट'! आणि खोलीतून बाहेर पडायची आज्ञा लिहायला हमखास विसरायचा.

"अहो, पोरांना आत नेलंत, बाहेर कोण आणणार?" ती करवादायची.

"आल्या आल्या जा म्हणू का त्यांना? तू पण ना, कटकट!"

मागच्या वर्षी तो बोलता बोलता गेला. साहेबांनी थोडे दिवस जाऊ दिले, मग म्हणाले, "बाई, सगळे धडे एकसारखे करा. खोलीचं नाव सगळीकडे 'सराव'. शिकणारे गोंधळतात हो. नाही जमलं तर धडे काढून टाकू."

काढून टाकू म्हणे! त्याचं मागे उरलं होतं ते एवढंच. तिने कंबर कसली आणि शोधून शोधून 'कटकट' पुसली. तरी तक्रारी येतच राहिल्या. "बाई, आम्ही 'सराव' लिहितो, मग कंसात 'कटकट' कुठून येतंय?"

तिला वाटलं, पोरं थट्टा करतायत. भर दुपारी, ऑफिस गजबजलेलं असताना, तिने कोऱ्या संगणकावर स्वतः करून पाहिलं. 'सराव' लिहिलं. आत शिरली. कंसात आलं, कटकट.

अंगावर सर्रकन काटा आला. समोरची खुर्ची रिकामी होती, पण तिची गादी दबली होती, कुणी बसल्यासारखी.

"अगबाई, इथेच आहात होय?" ती पुटपुटली. भ्यायचं सोडून तिला रडूच फुटलं, आनंदाने.

मग तिच्या ध्यानात आलं. बाहेर पडायची आज्ञा एकाही धड्यात नव्हती. त्याला कुणी बाहेर आणलंच नव्हतं. ती आज्ञा लिहावी तर तो जाणार, न लिहावी तर 'कटकट' येतच राहणार आणि साहेब त्याचे धडे काढून टाकणार.

तिने एकेका धड्यात ती ओळ घातली. शेवटच्या धड्याला तिने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"या आता," ती म्हणाली आणि कळ दाबली. कंस गेला. समोरची गादी हळूहळू वर आली.

तिने पुन्हा खोली केली. कंसात 'सराव'. खोली मोडून परत केली. 'सराव'च. शेवटी न राहवून तिने आपल्या हाताने 'कटकट' असं नाव दिलं.

कंसात 'कटकट' आलं खरं, पण ते तिनेच लिहिलेलं होतं.