कल म्हणजे कुठला दिवस

माझं मराठी घरातलं. शाळा सगळी हिंदीतून झाली. मराठी वाचताना मी अजून अडखळतो, तेव्हा लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिण्यासारखं फार काही घडलंही नाही.

मी धारचा. बाबा एका देवळात पूजा करतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षी देवासच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन महिन्यांचं शिकाऊ काम मिळालं. काम पसंत पडलं तर नोकरीवर ठेवणार होते. रोज धारहून इंदूर, तिथे बस बदलून देवास, आणि तसंच परत. संध्याकाळी चप्पल काढायच्या आत बाबा विचारायचे, "नोकरीचं काही कळलं का रे?"

कंपनीने एका कारखान्यासाठी जावा या संगणकभाषेत प्रोग्राम केला होता. कामगारांची बस कोणत्या थांब्यांवर जाईल, याची यादी तो रोज संध्याकाळी काढायचा. यादी कोणत्या दिवसाची, हे प्रोग्रामच्या आतच लिहिलेलं होतं. बदलायचं तर सगळा प्रोग्राम नव्याने तयार करावा लागे. माझं काम बघणारे सर म्हणाले, असल्या गोष्टी बाहेर एका साध्या फाइलीत ठेव, प्रोग्राम सुरू होताना तिथून वाचू दे. फाइलीतली ओळ त्यांनीच चिठ्ठीवर रोमन अक्षरांत लिहून दिली: din=kal.

फाइल वाचणं जमलं. मग kal आलं तर काय करायचं, ते लिहिलं: आजच्या तारखेतून एक दिवस वजा. आई म्हणते तो काल. हिंदीतला कल मागचाही असतो आणि पुढचाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलताना ते क्रियापदावरून कळतं. त्या ओळीत क्रियापद नव्हतं, मी थकलेला होतो, आणि विचारायची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी बस होऊन गेलेल्या दिवसाच्या थांब्यांवर फिरून आली. कारखान्यातल्या चार बायका आपल्या थांब्यावर तासभर उभ्या राहून घरी गेल्या. त्यांची गैरहजेरी लागली.

सर फाइलच तपासत बसले. फाइलीत चूक नव्हती. शेवटी मी उठलो. "सर, माइनस मैंने लिखा."

ते इंदुरी बोलीत म्हणाले, "भिया, बीते हुए कल में बस कौन भेजता है?"

शेजारच्या टेबलावरचा हसला. "सर, मराठी लोग हैं. इनका तो राज भी बीते कल में ही है."

मीही हसलो. वजाच्या जागी अधिक केलं. गैरहजेरी सरांनी फोन करून काढवली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गलती सबसे होती है. पर तूने पूछा नहीं. मुझे ये रिपोर्ट में लिखना पड़ेगा."

तीन महिने संपले. "बताते हैं," एवढंच सर म्हणाले. मी घरीच होतो. बाबांनी विचारणं सोडलं. फोन वाजला की नुसते माझ्याकडे बघायचे.

शनिवारी दुपारी मेल आला. जागा एकच होती, ती दुसऱ्याला दिली आहे. प्रमाणपत्र कार्यालयातून घेऊन जावं.